‘स्प्लिट’ कुठे वापरावे आणि कुठे टाळावे: मराठी भाषकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठीत लाकूड फुटते, दूध फाटते, शिवण उसवते, इस्टेटीची वाटणी होते, पक्षात फूट पडते आणि जमलेल्या जोडीचे बिनसते. इंग्रजीत या साऱ्यांसाठी ‘स्प्लिट’ हे एकच क्रियापद पुरते. उलट ओठ, कागद, नारळ आणि मते यांच्या बाबतीत मराठीत ‘फुटणे’ किंवा ‘फाटणे’ बिनदिक्कत चालते, पण तिथे ‘स्प्लिट’ वापरले तर ऐकणाऱ्याचा भलताच समज होऊ शकतो. त्यामुळे शब्दकोशात ‘फुटणे, विभागणे’ एवढे वाचून हे क्रियापद हाताशी येत नाही. ते कोणत्या प्रकारच्या वेगळे होण्याला लागू पडते हे आधी समजून घ्यावे आणि मग रूप, कर्ता, जोडशब्द व प्रसंग या अंगांनी आपले वाक्य तपासावे.

आधी रूप आणि उच्चार

‘स्प्लिट’ची तिन्ही रूपे सारखीच आहेत. वर्तमानकाळातही ‘स्प्लिट’, भूतकाळातही ‘स्प्लिट’ आणि ‘हॅव’ किंवा ‘बी’च्या पुढेही ‘स्प्लिट’. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’, ‘शट’ यांच्याच पंगतीत ते बसते. ‘स्प्लिटेड’ हे रूप प्रमाण इंग्रजीत नाही. आपल्याकडच्या कार्यालयीन ईमेलांत ते सर्रास दिसते, तरीही ते चूकच आहे. ‘इंग’ लावताना शेवटचे ‘टी’ हे अक्षर दोनदा लिहावे लागते.

रूप बदलत नसल्यामुळे काळ ओळखण्याची जबाबदारी वाक्यातल्या इतर शब्दांवर येते. ‘दे स्प्लिट द बिल’ या वाक्यात ते बिल वाटून घेतात की त्यांनी बिल वाटून घेतले, हे कळायला मार्ग नाही. ‘ही स्प्लिट्स द बिल’ म्हटले की ‘एस’मुळे वर्तमानकाळ उघड होतो आणि ‘ही स्प्लिट द बिल’ म्हटले की ‘एस’च्या अभावामुळे भूतकाळ. पण कर्ता ‘आय’, ‘यू’, ‘वुई’ किंवा ‘दे’ असेल तेव्हा ‘यस्टरडे’, ‘ऑलवेज’, ‘लास्ट नाइट’ असा कालवाचक शब्द घालण्याची सवय लावून घ्यावी.

उच्चारात एकच धोका आहे. ‘ल’ पुढे-मागे झाला की ‘स्प्लिट’चे ‘स्पिल्ट’ होते, आणि ‘स्पिल्ट’ म्हणजे सांडलेले. ‘स्प्लिट मिल्क’ म्हणजे फाटलेले दूध आणि ‘स्पिल्ट मिल्क’ म्हणजे सांडलेले दूध. दोन्हींत नुकसान आहेच, पण पहिल्याचे निदान पनीर तरी करता येते.

कोण फुटले आणि कोणी फोडले

मराठीत आपोआप होणारी क्रिया आणि कोणीतरी केलेली क्रिया यांसाठी क्रियापदाचे रूपच बदलते: फुटणे आणि फोडणे, फाटणे आणि फाडणे, तुटणे आणि तोडणे. इंग्रजीत ‘स्प्लिट’ दोन्हीकडे तसेच राहते. बदलते ती शब्दांची जागा. ‘द लॉग स्प्लिट’ म्हणजे ओंडका फुटला आणि ‘आय स्प्लिट द लॉग’ म्हणजे मी ओंडका फोडला. आपल्या मनातले मराठी वाक्य ‘फुटणे’चे आहे की ‘फोडणे’चे हे आधी ठरवावे. ‘फुटणे’चे असेल तर फुटणारी वस्तू क्रियापदाच्या आधी येते. ‘फोडणे’चे असेल तर फोडणारा आधी आणि वस्तू नंतर येते. ‘द लॉग वॉज स्प्लिट’ असे कर्मणी वाक्य लिहिले, की कोणीतरी तो फोडला हे गृहीत धरले जाते.

हा भेद सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो तो राजकीय बातम्यांत, आणि तिथे तो नीट पाहण्यासारखा आहे. ‘द पार्टी इज स्प्लिट’ म्हणजे पक्षात दोन तट आहेत, एखाद्या प्रश्नावर एकमत नाही. पण पक्ष अजून एकच आहे. ‘द पार्टी हॅज स्प्लिट’ म्हणजे पक्ष फुटला आणि एकाचे दोन झाले. ‘द पार्टी वॉज स्प्लिट बाय इट्स ओन लीडर्स’ म्हणजे त्याच्याच नेत्यांनी तो फोडला. मराठीत पहिल्यासाठी ‘दुफळी’ किंवा ‘मतभेद’, दुसऱ्यासाठी ‘फूट पडणे’ आणि तिसऱ्यासाठी ‘पक्ष फोडणे’ असे निरनिराळे शब्द आहेत. १९६९ साली काँग्रेस, जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, त्या घटनांचे वर्णन करताना ‘स्प्लिट’ हे क्रियापद साध्या भूतकाळात येते. त्याआधीची धुसफूस सांगायची असेल, तर ‘वॉज स्प्लिट ओव्हर’ ही रचना हवी. ‘इज’ आणि ‘हॅज’ यांची अदलाबदल झाली, तर नाराजीची बातमी थेट फुटीची होऊन बसते.

कायद्याच्या भाषेत तर हा शब्द आणखी जपून वापरावा लागतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजेच पक्षांतरबंदी कायद्यात, ‘स्प्लिट’ला स्वतंत्र अर्थ होता: विधिमंडळ पक्षाचे किमान एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले, तर त्यांना अपात्रतेपासून संरक्षण मिळे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती तरतूद वगळली आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने होणाऱ्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली. म्हणजे वर्तमानपत्राच्या मथळ्यातली ‘स्प्लिट’ आजही होते, पण पक्षांतरबंदी कायद्यात तिला आता बचाव म्हणून जागा नाही. पक्षफुटीवर इंग्रजीत लिहिणाऱ्याने शब्दाचे हे दोन वापर एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

‘स्प्लिट’ला हवी असते एक रेषा

हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच भाषेतून इंग्रजीत आला आणि सुरुवातीला तो खडकावर आपटून किंवा वादळात सापडून फुटणाऱ्या जहाजासाठी वापरला जाई. ते चित्र आजही उपयोगी पडते. ‘स्प्लिट’मध्ये एकसंध वस्तू असते, तिच्यावर ताण येतो आणि ती एखाद्या रेषेने उकलते. लाकडाच्या बाबतीत ही रेषा म्हणजे लाकडाचा धागा. म्हणून कुऱ्हाडीने उभा ओंडका फोडणे म्हणजे ‘स्प्लिट’, करवतीने आडवा कापणे म्हणजे ‘सॉ’ किंवा ‘कट’, आणि उभे झाड तोडणे म्हणजे ‘फेल’ किंवा ‘कट डाउन’. तूर, मूग, हरभरा यांचे दाणेही भरडल्यावर आपल्या ठरलेल्या जागी दुभंगतात, म्हणून डाळीला इंग्रजीत ‘स्प्लिट’ हे विशेषण लागते. परदेशातल्या किराणा दुकानात ‘स्प्लिट पिजन पीज’ लिहिलेले पाकीट म्हणजे आपली तूरडाळ, आणि ‘स्प्लिट मूंग विथ स्किन’ म्हणजे सालीची मूगडाळ.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की कुठे थांबायचे तेही कळते. कागदाला अशी रेषा नसते, तो हवा तसा फाटतो. म्हणून कागदासाठी ‘टेअर’. काच तडकली पण तुकडे झाले नाहीत तर ‘क्रॅक’, तुकडे झाले तर ‘ब्रेक’ आणि चुराडा झाला तर ‘शॅटर’. देवळात नारळ फोडतात तेव्हा इंग्रजीत ‘ब्रेक अ कोकोनट’ म्हणतात. स्वयंपाकघरात वाट्या करण्यासाठी कोयत्याने बरोबर दोन भाग केले, तर तिथे ‘स्प्लिट’ शोभेल. तांदळातून खडे वेगळे काढणे किंवा अंड्यातला पिवळा बलक वेगळा करणे याला ‘सेपरेट’ म्हणावे, कारण तिथे मुळातच दोन निराळ्या गोष्टी एकत्र आहेत आणि आपण त्यांना फक्त दूर करतो.

ओठांची गंमत आणखी वेगळी आहे. थंडीत ओठ फुटतात आणि मारामारीतही ओठ फुटतो. मराठीत क्रियापद तेच. इंग्रजीत थंडीने फुटलेले ओठ ‘चॅप्ड लिप्स’ आणि ठोसा बसून फुटलेला ओठ ‘स्प्लिट लिप’. डिसेंबरात सहकाऱ्याला ‘आय हॅव अ स्प्लिट लिप’ असे सांगितले, तर तो आधी कोणाशी भांडण झाले ते विचारील. टाचांच्या भेगांना ‘क्रॅक्ड हील्स’ म्हणतात. केसांना फाटे फुटतात त्याला मात्र ‘स्प्लिट एंड्स’ हाच शब्द आहे, कारण केस टोकाकडून उभा चिरत जातो.

दूध फाटणे हे दोन प्रकारे सांगता येते. ‘द मिल्क हॅज स्प्लिट’ हे भारतात आणि ब्रिटनमध्ये समजते. ‘द मिल्क हॅज कर्डल्ड’ सर्वत्र समजते. रस्सा किंवा सॉस फुटून तेल वेगळे झाले, तर ब्रिटनमध्ये ‘द सॉस हॅज स्प्लिट’ म्हणतात आणि अमेरिकेत त्याच ठिकाणी ‘ब्रेक’ वापरतात.

जोडशब्द बदलला की अर्थ बदलतो

‘स्प्लिट’नंतर येणारा लहानसा शब्द अर्थाचा निम्मा भार उचलतो, म्हणून क्रियापद आणि तो शब्द एकत्रच पाठ करावेत. किती किंवा कशाचे भाग झाले हे सांगायचे असेल तर ‘इन्टू’ येतो: ‘द टीचर स्प्लिट द क्लास इन्टू फोर ग्रुप्स’. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली, हेही ‘वॉज स्प्लिट इन्टू’ने सांगता येते. सरकारी भारतीय इंग्रजीत मात्र अशा ठिकाणी ‘बायफर्केशन’ हा शब्द रुळला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याविषयीच्या इंग्रजी मजकुरात तोच भेटतो. भारताच्या फाळणीला तर ‘स्प्लिट’ कधीच म्हणत नाहीत. त्या घटनेचे इंग्रजी नाव ‘पार्टिशन’ असेच आहे.

वाटा कोणाकोणात पडला हे सांगताना ‘बिटवीन’ किंवा ‘अमंग’ येतात. दोघांसाठी ‘बिटवीन’ आणि अधिकांसाठी ‘अमंग’ हा शाळेत शिकवलेला नियम तितकासा काटेकोर नाही; माणसे मोजकी आणि ठरावीक असली, तर तिघा-चौघांसाठीही ‘बिटवीन’ चालते. ‘वुई स्प्लिट इट थ्री वेज’ म्हणजे आम्ही तिघांत वाटून घेतले. कोणाबरोबर तरी वाटून घ्यायचे असेल तर ‘विथ’: ‘आय स्प्लिट द सँडविच विथ माय सिस्टर’. गट फुटून बाहेर पडला तर ‘फ्रॉम’, मुख्य भागापासून तुकडा सुटला तर ‘ऑफ’, आणि मतभेदाचे कारण सांगायचे असेल तर ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’. ब्रिटिश बोलीत ‘स्प्लिट ऑन समवन’चा अर्थ कोणाची तरी चहाडी करणे असाही होतो, तो ऐकायला क्वचित मिळतो, पण ठाऊक असावा.

‘अप’ची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ‘दे स्प्लिट अप’ म्हणजे त्या दोघांनी संबंध तोडले. वाद्यवृंद किंवा संगीताचा बँड विसर्जित झाला तरी हेच म्हणतात. ‘शी स्प्लिट अप विथ हिम’ म्हणताना ‘विथ’ येतो. ‘अप’ असेल तिथे ‘फ्रॉम’ सहसा येत नाही. हा अनौपचारिक शब्दप्रयोग आहे आणि तो लग्न झालेल्या व न झालेल्या दोन्ही जोडप्यांना लागू पडतो. त्यावरून कायदेशीर स्थिती काहीच कळत नाही. व्हिसाच्या किंवा बँकेच्या अर्जात वैवाहिक स्थितीचा प्रश्न असेल, तर ‘सेपरेटेड’ आणि ‘डिव्होर्स्ड’ हे शब्द वेगवेगळे वाचावेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये कलम १० न्यायिक विभक्ततेचे आहे आणि कलम १३ घटस्फोटाचे. पहिल्यात लग्न शाबूत राहते, दुसऱ्यात संपते. भाऊ-भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, तर त्यालाही ‘स्प्लिट अप’ म्हणू नये. ‘द ब्रदर्स नाऊ लिव्ह सेपरेटली’ हे साधे वाक्य तिथे योग्य आहे, आणि जमिनीच्या वाटणीच्या दस्तऐवजात ‘पार्टिशन’.

पैशांचा व्यवहार

रोजच्या वापरात ‘स्प्लिट’ सर्वांत जास्त कानी पडतो तो बिलाच्या निमित्ताने. ‘शॅल वुई स्प्लिट द बिल?’ या प्रश्नाचा सर्वसाधारण अर्थ एकूण रक्कम सर्वांनी सारखी वाटून घेऊ या, असा होतो. आपल्याकडचे ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझे तू माझे मी, त्याहून वेगळे आहे: ज्याने जे खाल्ले त्याचे पैसे त्याने द्यायचे. त्यासाठी वेटरकडे ‘सेपरेट बिल्स’ मागावीत, किंवा मित्रांना ‘लेट्स ईच पे फॉर आवर ओन’ असे स्पष्ट सांगावे. समजा, नुसती साबुदाणा खिचडी खाणारा आणि थाळीवर आइस्क्रीम मागवणारा एकाच टेबलावर आहेत. अशा वेळी ‘स्प्लिट’ आणि ‘सेपरेट’ यांतला फरक खिशाला समजतो. सहलीआधी सगळ्यांकडून काँट्री काढायची असेल, तर मात्र दोन्ही शब्द नकोत. तिथे ‘चिप इन’ किंवा ‘काँट्रिब्यूट’.

‘शेअर’ आणि ‘स्प्लिट’ यांचीही गल्लत होते. खोली दोघांनी ‘शेअर’ केली म्हणजे दोघे एकाच खोलीत राहिले. भाडे ‘स्प्लिट’ केले म्हणजे रकमेचे वाटे पडले. खोलीच ‘स्प्लिट’ केली म्हटले, तर मध्ये भिंत घातल्याचे चित्र उभे राहते.

घासाघीस करताना ‘लेट्स स्प्लिट द डिफरन्स’ हा प्रयोग येतो. विकणारा आठशे सांगतो आणि घेणारा सहाशेवर अडतो, तेव्हा ‘तुमचे नको, माझे नको, सातशे करा’ असे जे आपण म्हणतो, नेमके तेच.

शेअर बाजारातला ‘स्टॉक स्प्लिट’ हा पारिभाषिक वापर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीच्या १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे प्रत्येकी २ रुपयांचे पाच शेअर झाले. इंग्रजीत हे ‘द स्टॉक वॉज स्प्लिट फाइव्ह फॉर वन’ असे सांगतात. आपल्याकडच्या बातम्यांत तेच प्रमाण १:५ असे लिहिलेले आढळते. बोनस शेअर मिळतात तेव्हाही शेअरांची संख्या वाढते, पण दर्शनी मूल्य तेच राहते, म्हणून त्याला ‘स्प्लिट’ म्हणता येत नाही. आणि कंपनीचा एखादा व्यवसायच वेगळ्या कंपनीत गेला, तर ते ‘डिमर्जर’. मथळ्यात त्यालाही ‘स्प्लिट’ म्हणतात, त्यामुळे शेअर विभागला की कंपनी, हे मजकूर वाचूनच ठरवावे.

मते आणि निकाल

मराठी पत्रकारितेत ‘मते फुटली’ म्हणजे विधान परिषद किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत एका पक्षाच्या आमदारांनी दुसऱ्याच्या उमेदवाराला मत दिले. याचे भाषांतर ‘द व्होट्स स्प्लिट’ असे केले, तर ते चुकते. त्याला ‘क्रॉस व्होटिंग’ म्हणतात. इंग्रजीतले ‘स्प्लिटिंग द व्होट’ म्हणजे सारख्याच विचारांच्या मतदारांची मते दोन-तीन उमेदवारांत विभागली जाणे आणि त्याचा लाभ तिसऱ्यालाच होणे, म्हणजेच आपली ‘मतविभागणी’. अमेरिकेत ‘स्प्लिट टिकट’ असाही शब्द आहे. एकाच मतपत्रिकेवर एका पदासाठी एका पक्षाला आणि दुसऱ्या पदासाठी दुसऱ्या पक्षाला मत देणे, असा त्याचा अर्थ आहे.

न्यायालयाच्या बातम्यांतला ‘स्प्लिट व्हर्डिक्ट’ म्हणजे खंडपीठातल्या न्यायमूर्तींचे निकाल परस्परविरुद्ध जाणे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या फॅक्ट चेक युनिटच्या तरतुदीवर असे भिन्न निकाल दिले. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. पाच न्यायमूर्तींचे पीठ असेल आणि तीन विरुद्ध दोन असा कौल असेल, तर निकाल लागलेलाच असतो. त्याला ‘मेजॉरिटी व्हर्डिक्ट’ म्हणणे अधिक नेमके.

ठरलेले वाक्प्रचार

‘स्प्लिटिंग हेअर्स’ म्हणजे शब्दाचा कीस काढणे. त्याचे भाषांतर ‘फाटे फोडणे’ असे करण्याचा मोह होतो, पण फाटे फोडणारा विषयाला भलत्याच वाटांनी नेतो, तर ‘स्प्लिटिंग हेअर्स’ करणारा त्याच विषयात नको इतका बारकावा काढत बसतो. ‘इन अ स्प्लिट सेकंड’ म्हणजे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. ‘स्प्लिटिंग हेडेक’ म्हणजे डोके फुटायची वेळ येईल इतकी ठणक; हसून हसून मुरकुंडी वळणे म्हणजे ‘स्प्लिट युवर साइड्स’. ‘लेट्स स्प्लिट’ या जुन्या अमेरिकी बोलीतल्या प्रयोगाचा अर्थ ‘चला, सटकू या’ एवढाच आहे, म्हणून भेटीच्या शेवटी कोणी तसे म्हटले तर मैत्री तुटल्याचे समजू नये.

‘स्प्लिट पर्सनॅलिटी’ हा प्रयोग मात्र जपून वापरावा, किंबहुना टाळावा. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव ग्रीक भाषेतल्या ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या शब्दांपासून घडवले, आणि तेव्हापासून या आजारात एका माणसात दोन व्यक्ती वावरतात असा गैरसमज पसरत गेला. स्किझोफ्रेनियात विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड सुटते. एकाहून अधिक व्यक्तिमत्त्वांचा विकार वेगळा असून त्याला ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ म्हणतात. घडीत एक आणि घडीत दुसरे बोलणाऱ्या साहेबाला तर यांपैकी कोणताच शब्द लावू नये.

स्वतः करून पाहण्यासाठी

आता काही मराठी वाक्ये घेऊन इंग्रजी क्रियापद निवडून पाहावे. ‘खाली बसताना त्याची पँट मागून फाटली’ यात शिवणीवर ताण येऊन ती रेषेने उकलली, म्हणून ‘हिज ट्राउझर्स स्प्लिट’. ‘खिळ्याला अडकून सदरा फाटला’ यात रेषा नाही आणि कारण बाहेरचे आहे, म्हणून ‘हिज शर्ट टोअर ऑन अ नेल’. ‘कामाचे आम्ही दोन भाग केले’ यात ‘वुई स्प्लिट द वर्क’ चालेल, पण कोणाच्या वाट्याला काय आले हे पत्रात काटेकोरपणे लिहायचे असेल तर ‘डिव्हाइड’ अधिक औपचारिक आहे. ‘समिती या प्रश्नावर एकमत करू शकली नाही’ यासाठी ‘द कमिटी वॉज स्प्लिट ऑन द क्वेश्चन’. इथे ‘हॅड स्प्लिट’ लिहिले तर समितीच फुटली असा समज होईल.

शेवटचे वाक्य नाशिकच्या बागायतदाराचे: ‘अवकाळी पावसाने द्राक्षमणी तडकले.’ मणी आतून पाण्याने फुगतो आणि ताण सहन न होऊन साल उकलते, म्हणून ‘द बेरीज हॅव स्प्लिट’ हे वर्णन अचूक आहे. फळशास्त्राच्या लिखाणात मात्र या नुकसानीला ‘बेरी क्रॅकिंग’ असे नाव आहे, म्हणून विम्याच्या दाव्यात किंवा निर्यातदाराला पाठवायच्या इंग्रजी पत्रात तेच लिहावे.